सध्या काय वाचताय?

नवी मुंबईतल्या नेरूळला आम्ही काही जण महिन्यातून एका रविवारी भेटतो. सोसायटीच्या कार्यालयातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडायच्या, चहा येईपर्यंत इकडचं-तिकडचं बोलायचं आणि मग एकेकानं सांगायचं, सध्या काय वाचतोय. नियम एकच: पुस्तक हातात घेऊन यायचं. गेल्या खेपेला बारा जण होतो. दोघांनी एकच कादंबरी आणली होती. एकीला ती फार आवडली होती, दुसऱ्यानं ऐंशीव्या पानावर सोडून दिली होती. एका बाईंनी कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ आणलं होतं. त्या म्हणाल्या, दुपारी कुठलंही पान उघडते आणि वाचत बसते, करायचं काहीच नसतं. कॉलेजातल्या एका मुलाच्या हातात पुस्तकच नव्हतं. त्यानं पनवेल लोकलमध्ये कानात इअरफोन घालून दोन कादंबऱ्या ऐकून संपवल्या होत्या. आणि कोपऱ्यात बसलेले एक गृहस्थ म्हणाले, मी काही वाचत नाही, तुमचं ऐकायला आलोय.

‘सध्या काय वाचताय?’ या प्रश्नाभोवती गेली काही वर्षं जी चर्चा चालू आहे, तिचे जवळजवळ सगळे धागे त्या दीड तासात येऊन गेले. वाचलेलं इतरांना सांगण्याची हौस आज पूर्वीपेक्षा ठळकपणे दिसते. व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर मुखपृष्ठं येतात, डिसेंबर संपताना वर्षभरात किती पुस्तकं झाली त्याच्या याद्या येतात, पुस्तकांवरचे मिनिटभराचे रील हजारो लोक पाहतात. शासनही यात आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, हा २०१५ पासून महाराष्ट्रात ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. दुसरीकडे, या सांगण्यानं वाचन खरंच वाढतं का, की नुसतं सांगणंच वाढतं, अशी शंका घेणारेही पुष्कळ आहेत. दोन्ही बाजूंना वाचनाची कळकळ आहे, म्हणूनच त्यांचं म्हणणं नीट मांडून पाहावंसं वाटतं.

एक वाचणारा, दहा ऐकणारे

एकट्यानं, मनातल्या मनात, दार लावून वाचणं हे आपल्याकडे तसं अलीकडचं आहे. चातुर्मासात ओसरीवर श्रीधराचा ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ लागायचा, तेव्हा वाचणारा एक आणि ऐकणारे दहा असत. ऐकणाऱ्यांतल्या कित्येकांना अक्षरओळख नसे, पण ग्रंथ त्यांना ठाऊक असे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको महामंडळाच्या इमारती उभ्या राहण्याच्या कितीतरी आधीपासून वसलेल्या करावे, दिवाळे, घणसोली, कोपरखैरणे या आगरी-कोळी गावांत आजही सप्ताह बसतो, ज्ञानेश्वरीचं पारायण होतं. याच शहरातल्या बुद्धविहारांत आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन चालतं. रोज संध्याकाळी थोडा भाग वाचायचा, मग त्यावर बोलायचं, कुणी शंका काढायची, कुणी आपल्या आयुष्यातला दाखला द्यायचा. पुस्तक सगळ्यांनी मिळून वाचण्याची एवढी शिस्तशीर रीत शहरातल्या कुठल्याही वाचक गटाकडे मी पाहिलेली नाही. तरीही वाचनसंस्कृतीवर परिसंवाद होतात तेव्हा विहारातलं किंवा सप्ताहातलं वाचन कुणी हिशेबात धरत नाही. मला ही मोठी उणीव वाटते.

छापील पुस्तक आलं, तशी वाचनालयं आली. रत्नागिरीचं १८२८ सालचं, नाशिकचं १८४०चं, पुण्याचं १८४८चं. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये निघालं आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ मध्ये. सुरुवातीला यातली काही साहेब लोकांच्या आणि मोजक्या इंग्रजी शिकलेल्यांच्या वापरातली होती. हळूहळू ती गावाची झाली. वाचनालयाचा टेबल ही पुस्तकांबद्दल बोलण्याची पहिली सार्वजनिक जागा म्हणता येईल. ‘हे कालच परत आलंय, घेऊन जा, तुम्हाला आवडेल,’ असं सांगणारा ग्रंथपाल ज्यांना लाभला, त्यांना दुसरी शिफारस लागली नाही.

मासिकांनी हेच काम छापून केलं. जानेवारी १९६४ मध्ये केशवराव कोठावळ्यांनी ‘ललित’ सुरू केलं ते पुस्तकांविषयी, लेखकांविषयी आणि वाचकांसाठी. पुढे प्रकाशकांच्या गृहपत्रिकाही आल्या, ‘मेहता मराठी ग्रंथजगत’ आणि ‘राजहंस ग्रंथवेध’ ही त्यांतली ठळक नावं. गोविंद तळवलकरांनी आपण वाचलेल्या इंग्रजी पुस्तकांची ओळख मराठी वाचकाला सातत्यानं करून दिली. त्या लेखांची ‘वाचता वाचता’ ही पुस्तकं झाली, आणि जी इंग्रजी पुस्तकं आपल्या हाती कधीच येणार नव्हती, त्यांच्याबद्दलही लोक तालुक्याच्या गावी बसून बोलू लागले.

या परंपरेतलं सर्वांत जवळचं उदाहरण मात्र सतीश काळसेकरांचं आहे. लघुनियतकालिकांच्या चळवळीतले हे कवी, बँकेत नोकरी केलेले. लोकवाङ्मय गृहाच्या ‘आपले वाङ्मय वृत्त’मध्ये त्यांनी आपल्या वाचनाबद्दल स्तंभ लिहिला. त्याचं पुस्तक ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ या नावानं आलं आणि २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. ‘मी सध्या काय वाचतोय’ एवढंच सांगणाऱ्या लेखनाला भाषेतला मोठा सन्मान मिळावा, ही घटना मला आजही महत्त्वाची वाटते. काळसेकर पुस्तकाचा निकाल लावत नसत. ते कुठल्या दुकानात सापडलं, कुणी सुचवलं, ते वाचताना दुसरं कोणतं आठवलं, मित्राला दिल्यावर त्यानं काय म्हटलं, असं सगळं ते सांगत जातात. उत्तरायुष्यात ते नवी मुंबईपासून तासाभराच्या अंतरावर पेणला राहिले आणि जुलै २०२१ मध्ये तिथेच गेले. नितीन रिंढे यांचं ‘लीळा पुस्तकांच्या’ किंवा जयप्रकाश सावंतांचं ‘पुस्तकनाद’ ही पुस्तकं याच वाटेवरची.

आणि एक वेगळा प्रयोग: ‘ग्रंथाली’. १९७४ च्या डिसेंबरमध्ये दिनकर गांगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या या उपक्रमानं स्वतःला प्रकाशनसंस्था न म्हणता वाचक चळवळ म्हटलं. वाचकांनी आधी पैसे भरून सभासद व्हायचं, मग पुस्तक स्वस्तात घरी. या वाटेनं दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ मध्ये आणि लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० मध्ये लोकांच्या हाती गेलं. त्या पुस्तकांबद्दल घरोघर बोललं गेलं, त्यांवर भांडणं झाली. दलित आणि भटक्या-विमुक्तांचं जगणं मध्यमवर्गीय दिवाणखान्यात पुस्तकाच्या रूपानं शिरलं, त्यात या सांगोवांगीचा वाटा मोठा होता.

नव्या शहराची अडचण

नवी मुंबईचा विचार करताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. सिडकोची स्थापना १९७० ची, महापालिका १ जानेवारी १९९२ ची. मानखुर्दहून खाडी ओलांडून लोकल वाशीला आली तीही १९९२ मध्येच. इथे राहायला आलेली माणसं गिरगाव, दादर, लालबागहून आली, कोकण-साताऱ्याहून आली, केरळ आणि तमिळनाडूहून आली. आपलं वाचनालय प्रत्येकानं मागे सोडलं होतं. आजोबा ज्याचे सभासद होते असं वाचनालय या शहरातल्या नोडमध्ये, म्हणजे सिडकोनं आखलेल्या वसाहतींत, कुणाकडेच नव्हतं. शेजारी पनवेलला के. गो. लिमये सार्वजनिक वाचनालय होतं, ठाण्याला ग्रंथसंग्रहालय होतं, इथे मात्र सेक्टरची आखणी होती.

लोकांनी हळूहळू आपल्या जागा केल्या. वाशीला मराठी साहित्य, संस्कृती आणि कला मंडळानं साहित्य मंदिर उभं केलं. ऐरोलीत महापालिकेनं बांधलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकात चांगलं ग्रंथालय आहे, आणि पुस्तकांसाठी ‘राजगृह’ हे घर बांधणाऱ्या माणसाच्या स्मारकात ते असणं फार यथोचित आहे. जानेवारी २०२४ मध्ये वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात विश्व मराठी संमेलन झालं, तेव्हा पुस्तकांच्या दालनात पिशव्या भरून घेणारी माणसं मी पाहिली. नेरूळच्या मल्याळी शेजाऱ्यांकडून मला कळलं की त्यांच्याकडे १९ जून हा वाचनाचा दिवस, केरळात गावोगाव ग्रंथालयं उभी करणाऱ्या पी. एन. पणिक्करांच्या स्मृतीचा. त्या दिवशी कोण काय वाचतंय हे त्यांच्या समाजात आवर्जून विचारलं जातं. एकाच मजल्यावर दोन भाषांचे दोन वाचनदिन, आणि एकमेकांच्या पुस्तकांची नावंही ठाऊक नाहीत, असं या शहरात घडतं.

जुनी वाचनालयं नसल्यामुळे इथे पुस्तकांबद्दल बोलणं घरात, सोसायटीत, महिलांच्या गटात आणि मोबाइलवर वाढलं. काही ठिकाणी पुस्तक भिशी चालते. महिन्याला ठरावीक रक्कम काढायची, जिची चिठ्ठी निघेल तिनं त्यातून पुस्तकं घ्यायची आणि पुढच्या भेटीत त्यांतल्या एकाबद्दल बोलायचं. भिशीची सवय असलेल्या बायकांनी ती पुस्तकांना लावली, कुठलं धोरण आखावं लागलं नाही.

सांगितल्यानंच वाचक घडतो

पहिली भूमिका अशी की पुस्तक माणसाकडून माणसाकडे जातं. जाहिरातीनं ते ओळखीचं होतं, पण हातात घ्यावंसं वाटतं ते ओळखीच्या कुणी तरी ‘वाच’ म्हटल्यावर. मराठी पुस्तकाची आवृत्ती हजाराच्या आसपास, कधी त्याहूनही कमी प्रतींची निघते. जाहिरातीला पैसा नसतो, दुकानं कमी. अशा वेळी वाचकाचं बोलणं हाच प्रसार.

या भूमिकेचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना. विनायक रानडे यांच्या पुढाकारानं ती २००९ मध्ये सुरू झाली. तिची रचना साधी आहे. शंभर निवडक पुस्तकांची एक पेटी पस्तीसेक वाचकांच्या गटाकडे ठेवायची. कुणा एकाच्या घरी ती असते, गटातले लोक तिथून पुस्तकं नेतात, परत आणतात. काही महिन्यांनी ती पेटी पुढच्या गटाकडे जाते आणि त्यांची यांच्याकडे येते. वाचनालयाची इमारत नको, पगारी माणूस नको. पेटी ज्या घरी असते तिथे माणसांचं येणं-जाणं होतं, आणि पुस्तक परत करताना दोन वाक्यं बोलली जातातच. ही पेटी पुढे दुबईसह परदेशांतल्या मराठी कुटुंबांपर्यंत गेली. वाळवंटातल्या शहरात सुट्टीच्या दिवशी पेटी उघडून बसलेल्या घराची कल्पना केली की नवी मुंबईच्या सोसायटीत हे का जमू नये, असं वाटतं. ज्या मोजक्या ठिकाणी ते जमलं, तिथे पेटी सांभाळणारं घर नेहमी एकच असतं, हेही खरं.

अभ्यासकांकडूनही या बाजूला बळ मिळतं. अमेरिकेतल्या एलिझाबेथ लाँग यांनी ह्यूस्टन शहरातल्या बायकांच्या वाचन गटांचा दीर्घ अभ्यास करून २००३ मध्ये पुस्तक लिहिलं. वाचक म्हटला की खिडकीपाशी एकटाच बसलेला, हे चित्र अपुरं आहे, असा त्यांचा मुख्य मुद्दा. वाचनामागे नेहमीच माणसांचं एक जाळं असतं: शिकवणारे, सुचवणारे, ऐकून घेणारे. गटात बोलताना पुस्तकाच्या निमित्तानं बायका स्वतःच्या आयुष्याचा विचार करतात, असं त्यांना दिसलं. आपल्या पुस्तक भिशीत बसलेल्या कुणालाही हे पटेल.

शहरानं एकत्र वाचावं, ही कल्पनाही जुनी आहे. १९९८ मध्ये सिअॅटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी साऱ्या शहरानं एकच पुस्तक वाचावं असा उपक्रम केला आणि तो जगभर पसरला. बंगळुरूच्या कबन पार्कमध्ये २०२३ च्या सुरुवातीपासून लोक जमून आपापलं पुस्तक मुकाट्यानं वाचू लागले. मुंबईत जुहूला त्याचं रोपटं लागलं. पुण्यात पुस्तक महोत्सवाच्या निमित्तानं ‘शांतता! पुणेकर वाचत आहेत’ असा उपक्रम झाला, ठरावीक वेळी जिथे असाल तिथे वाचायचं. नावात तेंडुलकरांच्या नाटकाची आठवण आहे. महाबळेश्वर-पाचगणीजवळचं भिलार तर ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’च झालं. स्ट्रॉबेरीच्या या गावात लोकांनी आपल्या घरांच्या खोल्या पुस्तकांना दिल्या.

वाचकाचा गप्प राहण्याचा हक्क

दुसरी भूमिका या सगळ्याकडे सावधपणे पाहते. ती म्हणते, वाचन ही माणसाची फार खासगी गोष्ट आहे. ते कुणाला सांगायचं आहे हे मनात आलं की वाचणं बदलतं. आपण दुसऱ्याच्या नजरेनं पुस्तक निवडू लागतो, सांगण्याजोगं वाक्य शोधत वाचतो. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ मध्ये वाचकाच्या दहा हक्कांची यादी केली. त्यात न वाचण्याचा हक्क आहे, पानं गाळण्याचा आहे, पुस्तक अर्धवट सोडण्याचा आहे, आणि शेवटचा आहे तो वाचलेल्याबद्दल गप्प राहण्याचा. पेनाक स्वतः शिक्षक होते. पुस्तक वाचलं की त्यावर काहीतरी लिहूनच द्यायचं, या शाळेतल्या सक्तीनं मुलं वाचनापासून कशी दूर जातात, हे त्यांनी वर्गात पाहिलं होतं. आपल्याकडे वाचन प्रेरणा दिनाला मुलांकडून अभिप्राय लिहून घेतले जातात तेव्हा हा इशारा आठवतो.

आकड्यांचा मुद्दा याला जोडूनच येतो. २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘गुडरीड्स’सारख्या सोयींनी वाचलेल्या पुस्तकांची मोजदाद सोपी केली. वर्षाला पन्नास, शंभर असं लक्ष्य ठरवायचं, ते पुरं झालं की जाहीर करायचं. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांवर एक प्रयोग केला होता. चित्रं काढण्याची मुळात आवड असलेल्या मुलांपैकी ज्यांना ‘चित्र काढलंस तर बक्षीस’ असं आधी सांगितलं, ती मुलं पुढे आपणहून कमी चित्रं काढू लागली. पुस्तकांची संख्या आणि तिला मिळणारी वाहवा हे असंच बक्षीस आहे, असं या भूमिकेतले लोक म्हणतात. प्रयोग चित्रकलेचा होता, मुलं लहान होती. तो प्रौढांच्या वाचनाला जसाच्या तसा लावणं म्हणजे थोडी उडी मारणं आहे, हे लक्षात ठेवावं. तरी एका बाबतीत मला हे म्हणणं पटतं. आकडा आला की जाड पुस्तक मागे पडतं, पुन्हा वाचणं मागे पडतं. ‘रुचिरा’ घेऊन आलेल्या बाईंचं वाचन कुठल्याच यादीत बसणार नाही. त्या वर्षानुवर्षं एकच पुस्तक वाचतात.

पहिल्या बाजूचं यावर उत्तर असं: मिरवणं पूर्वीही होतं. काचेच्या कपाटातले सोनेरी अक्षरांचे खंड कशासाठी असत? मिरवता मिरवता एखादा वाचू लागला, तर बिघडलं काय? हे उत्तर अगदीच मोडीत काढता येत नाही. मिरवण्यातून वाचनाकडे आलेली माणसं मला माहीत आहेत.

तीच ती पुस्तकं

तिसरी चर्चा सांगण्याच्या पद्धतीची नाही, सांगितल्या जाणाऱ्या पुस्तकांची आहे. कुठल्याही मराठी गटात आवडत्या पुस्तकांची नावं मागा. ‘मृत्युंजय’, ‘श्यामची आई’, ‘पार्टनर’, पु. ल., आणि मग यशस्वी कसं व्हावं, श्रीमंत कसं व्हावं अशा अनुवादित पुस्तकांची रांग. समीक्षकांची तक्रार अशी की आवडीनं आवडीला खतपाणी मिळतं. जे आधीच सगळ्यांना माहीत आहे तेच पुन्हा सुचवलं जातं, आणि नव्या कवीचा संग्रह, वैचारिक ग्रंथ, छोट्या गावातल्या लेखकाची पहिली कादंबरी कुणाच्या तोंडी येत नाही. पूर्वी ‘ललित’ किंवा रविवारच्या पुरवण्या हे काम करत. परीक्षणांची जागा आकसली, तशी नव्या पुस्तकाची वाट अरुंद झाली.

सामान्य वाचकांची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं वेगळं आहे. परीक्षणं वाचून पुस्तक घेणारे आधीही थोडेच होते. परीक्षणाची भाषा अनेकांना परकी वाटे. शेजारणीनं ‘दोन रात्री झोपले नाही गं’ असं सांगणं हीही पुस्तकाची पारख आहे. ‘मृत्युंजय’ पहिल्यांदा वाचणारा सोळा वर्षांचा मुलगा आजही असतो, त्याच्यासाठी ते नवंच आहे.

इथे मला वाटतं की दोघंही दोन वेगळ्या कामांबद्दल बोलत आहेत. वाचकाला पहिलं पुस्तक देणं हे एक, आणि त्याला दहाव्या पुस्तकापर्यंत नेणं हे दुसरं. शेजारीण पहिलं काम उत्तम करते. दुसऱ्यासाठी जास्त वाचलेलं, पण तोऱ्यात न बोलणारं माणूस लागतं. काळसेकरांची रोजनिशी तेच करत होती.

भाषेचा पेच नवी मुंबईत अधिक जाणवतो. आई-वडील मराठी वाचतात, मुलं इंग्रजी. रात्री जेवताना ‘काय वाचतेस?’ असं आई विचारते, मुलगी नाव सांगते, आणि बोलणं तिथेच थांबतं, कारण दोघींपैकी कुणीच दुसरीचं पुस्तक वाचणार नसते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला त्याचा आनंद आम्हा सगळ्यांना आहे. त्या ताटावरच्या शांततेवर मात्र त्यातून अजून काही निघालेलं नाही. एका घरात मी एक साधा उपाय पाहिला: मुलगी तिची इंग्रजी कादंबरी आईला रोज थोडी मराठीत सांगते. पुन्हा तेच, एक वाचणारी, एक ऐकणारी.

पुस्तक सांगणं आणि पुस्तक देणं

पुस्तकाची ओळख सांगितली आणि ऐकणाऱ्याला ते मिळालंच नाही, तर त्या सांगण्याचा उपयोग काय? महाराष्ट्रात १९६७ सालचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, अनुदान घेणारी हजारो ग्रंथालयं आहेत, त्यांची अ, ब, क, ड अशी प्रतवारी आहे. पण बहुतेकांचा पैसा पगार आणि जागेतच जातो. शहरातल्या अभ्यासिका मात्र सकाळी उघडल्या की भरतात. तिथे स्पर्धा परीक्षांची मुलं दहा-बारा तास वाचत बसतात. त्यांना ‘सध्या काय वाचतोस?’ असं विचारलं तर ती ओशाळतात, ‘अभ्यासाचंच’ म्हणतात. एवढा वेळ पुस्तकांत घालवणाऱ्यांना आपण वाचक आहोत असं वाटू नये, याचं मला वाईट वाटतं.

मिळत नाही म्हणून मग पीडीएफ फिरते. एखादा गट पुस्तकाबद्दल बोलतो, आणि पाचच मिनिटांत कुणीतरी अख्खं पुस्तकच पाठवतं. पाठवणाऱ्याच्या मनात चोरी नसते, त्याला ते दान वाटतं. कायदा स्पष्ट आहे: भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क कायम राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून ‘श्यामची आई’ २०११ पासून सर्वांना खुलं झालं. पु. ल. २००० मध्ये गेले, त्यांची पुस्तकं २०६० संपेपर्यंत खुली नाहीत. हजार प्रतींच्या आवृत्तीत पीडीएफमुळे दोनशे प्रती पडून राहिल्या तर छोटा प्रकाशक पुढचं पुस्तक काढताना हात आखडतो. याला उत्तर म्हणून काही जण खुल्या पुस्तकांकडे बोट दाखवतात: महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं आपली कितीतरी प्रकाशनं मोफत उपलब्ध केली आहेत, मराठी विश्वकोशही सर्वांना खुला आहे. डोंबिवलीत होतो तसा जुन्या पुस्तकांच्या आदानप्रदानाचा सोहळा हे दुसरं उत्तर. आपली पुस्तकं द्यायची, तेवढीच दुसऱ्यांची न्यायची. पण परवा आलेलं नवं पुस्तक हवं असेल, तर या दोन्हींत ते सापडत नाही.

ऐकलेलं वाचलं म्हणायचं का, हा वाद मला त्यामानानं लहान वाटतो. २०१७ च्या अखेरीस ‘स्टोरीटेल’ मराठी पुस्तकं घेऊन आलं आणि प्रवासात, स्वयंपाक करताना, दृष्टी अधू झाल्यावर पुस्तकाची सोबत राहू शकते हे अनेकांना कळलं. २०१६ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात ऐकणारे आणि स्क्रीनवर वाचणारे यांच्या आकलनात लक्षणीय फरक आढळला नव्हता. ओसरीवर पोथी ऐकणाऱ्यांच्या वंशजांनी यावर फार भांडू नये.

जे ठरायचं आहे

सगळ्यांत अवघड प्रश्न मोजण्याचा आहे. सांगण्यामुळे वाचन वाढतं, असं एक बाजू म्हणते. नुसता गाजावाजा वाढतो, असं दुसरी म्हणते. दोघांकडे आहेत ते अनुभव. उपक्रमाला किती लोक आले, किती फोटो आले, किती पुस्तकं विकली गेली, हे मोजता येतं. त्यांतली किती वाचली गेली, आणि वाचून कुणी पुढचं पुस्तक हाती घेतलं का, हे मोजण्याची रीत अजून बसलेली नाही. दुसरं, छोट्या गटांचं आयुष्य. पेटी असो, कट्टा असो, भिशी असो, एक-दोन माणसांच्या उमेदीवर ते चालतं, आणि ती माणसं दमली किंवा घर बदलून गेली की बंद पडतं. बदल्या आणि भाड्याच्या घरांच्या या शहरात हे फार लवकर होतं. एखाद्या संस्थेनं त्याला आधार द्यावा, की संस्था आली की त्यातला जीव जाईल, यावर मतभेद आहेत. आणि तिसरं, त्या कोपऱ्यातल्या गृहस्थांचं. न वाचता फक्त ऐकायला येणाऱ्याला वाचनाच्या चर्चेत कुठे बसवायचं, यावर कुणीच फारसा विचार केलेला नाही.

जुन्या वाचनालयांत मोजण्याचं एक साधन होतं. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असे. पुस्तक कधी गेलं, किती वेळा गेलं, मध्ये किती वर्षं पडून राहिलं, सगळं शिक्क्यांत वाचता यायचं. नाव कुणाचंच नसे. संगणक आल्यावर बऱ्याच ठिकाणी ही चिठ्ठी गेली. माझ्या ओळखीच्या एका लहानशा वाचनालयात ती अजून आहे. आमच्या रविवारी एका मुलीनं एका जुन्या प्रवासवर्णनाबद्दल भरभरून सांगितलं होतं, आणि दुसऱ्याच आठवड्यात मी ते मागायला गेलो. चिठ्ठीवर नऊ वर्षांत एकच शिक्का होता, तो त्या मुलीचा असणार. मी माझा शिक्का मारून घेतला. पंधरा दिवसांनी परत करायला गेलो, तर टेबलापाशी ते कोपऱ्यातले गृहस्थ उभे होते. त्यांनी माझ्या हातातलं पुस्तक पाहिलं आणि ग्रंथपालांना विचारलं, हे लगेच मला मिळेल का?